स्पोर्ट्‌स गाडीला पुढे-मागे किती रुंदीचे टायर घ्यावेत? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

तीन वर्षांपूर्वी मी श्टुटगार्टजवळ एक वापरलेली टोयोटा जीटी ८६ घेतली. आधीच्या मालकाने तिला १८ इंची रिम बसवले होते. पुढे २२५/४० आर १८ (म्हणजे २२५ मिमी रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ इंची रिम) आणि मागे चांगले जाडजूड २५५/३५ आर १८. मागून बघितली की गाडी जमिनीला घट्ट चिकटून बसल्यासारखी दिसायची. खरं सांगतो, व्यवहार ठरला तो त्या मागच्या टायरांवरच.

पहिल्याच रविवारी बाड उराखहून वर पठारावर जाणाऱ्या वळणांच्या रस्त्यावर नेली. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला लक्षात आलं की स्टीअरिंग वळवलं तरी नाक आत यायला तयार नाही. अजून वळवावं तर पुढचे टायर घासल्याचा आवाज यायचा आणि गाडी हळूहळू मधल्या पांढऱ्या रेषेकडे सरकायची. ज्या गाडीची ख्याती हलकं नाक आणि खेळकर शेपूट अशी, ती हीच का, असा प्रश्न पडला. सहा महिने मी शॉक अ‍ॅब्सॉर्बर, अलाइनमेंट, बुश असं सगळं तपासत बसलो. दोष टायरच्या रुंदीत होता. त्यातही रुंदीपेक्षा पुढच्या आणि मागच्या रुंदीतल्या फरकात.

तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो तो क्रम इथे लिहितोय.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- गाडीचं नोंदणीपत्र आणि मालकाचं मॅन्युअल. जर्मनीत असाल तर फार्त्सॉयगशाइन आणि गाडीबरोबर मिळालेला सीओसी कागद (गाडीच्या मान्य तपशिलांचं कंपनीचं प्रमाणपत्र)
- ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा फोटो
- टायरमधली हवा मोजायचा चांगला गेज (पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नका)
- खोबणीची खोली मोजायचा गेज
- टॉर्क रेंच
- मोजपट्टी, खडू आणि एक वही

वही कशासाठी ते शेवटी कळेल.

१. कंपनीने काय दिलं होतं ते शोधा

वापरलेल्या गाडीवर आत्ता जे टायर आहेत तेच मूळचे, असं धरून चालू नका. मी तेच केलं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मूळ आकार आणि हवा दोन्ही लिहिलेलं असतं. जर्मन फार्त्सॉयगशाइनमध्ये १५.१ या रकान्यात पुढच्या अ‍ॅक्सलचा आणि १५.२ मध्ये मागच्या अ‍ॅक्सलचा टायर असतो. त्यात साधारण एकच आकार असतो, बाकीचे मान्य पर्याय सीओसी कागदावर सापडतात.

माझ्या गाडीचा मूळ आकार निघाला २१५/४५ आर १७, चारही चाकांना एकच. सात इंची रिमवर.

२. कंपनीने फरक का ठेवला, किंवा का ठेवला नाही, ते समजून घ्या

इथे घाई करू नका. ही एक पायरी नीट कळली की पुढचं सगळं सोपं जातं.

वळणात टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, त्याच दिशेला अगदी बरोबर जात नाही. रबर पिळवटतं आणि दोन्ही दिशांमध्ये काही अंशांचा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्या टायरचा हा कोन मागच्यापेक्षा जास्त झाला की नाक वळणाच्या बाहेर सरकतं, म्हणजे अंडरस्टीअर. मागच्याचा जास्त झाला की शेपूट सुटते, म्हणजे ओव्हरस्टीअर. तेवढ्याच भाराला रुंद टायर कमी पिळवटतो. म्हणून फक्त मागचे टायर रुंद केले की मागची बाजू जास्त घट्ट धरून बसते आणि गाडी अंडरस्टीअरकडे झुकते. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

टायर रुंद केला की जमिनीला टेकणारा भाग त्याच प्रमाणात मोठा होतो, असं बहुतेकांना वाटतं. वजन आणि हवा तीच ठेवली तर टेकणारं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. आडवा ठसा वळणात लवकर प्रतिसाद देतो आणि उष्णता जास्त रबरावर वाटली जाते. शिवाय टायरवर भार जसजसा वाढतो तसतशी दर किलोमागची पकड कमी होत जाते, म्हणून जड टोकाला रुंद टायर लागतो.

आता प्रत्यक्ष गाड्या बघा.

पोर्श ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. ९९२ पिढीच्या कॅरेराला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २०, म्हणजे तब्बल ६० मिमीचा फरक. मागे वजन जास्त आणि सगळी ताकदही मागच्याच चाकांतून जाते, म्हणून तो फरक तिथे शोभतो.

आल्पिन ए ११० चं इंजिन मध्ये, पुढे-मागे वजनाची वाटणी साधारण ४४:५६. तिला २०५/४० आणि २३५/४० आर १८, फरक ३० मिमी. लोटस एलिझच्या दुसऱ्या पिढीला पुढे अवघा १७५/५५ आर १६ आणि मागे २२५/४५ आर १७. गाडी इतकी हलकी की पुढे याहून जास्त लागतच नाही. टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड ४ एम ४० आय या जुळ्या बहिणींना १९ इंचांत २५५ आणि २७५, फरक २० मिमी.

जीटी ८६ चं इंजिन पुढे, वाटणी साधारण ५३:४७ आणि ताकद २०० अश्वशक्ती. पुढचं टोक थोडं जड आहे आणि मागच्या टायरांवर ताकदीचा भार मोठा नाही. अशा गाडीला मागे २५५ कशाला हवेत? मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या चमूने तर तिला मुद्दाम बेताच्या पकडीचा टायर दिला, मिशलँ प्रायमसी एचपी, जो टोयोटाच्याच प्रियस या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिड गाडीवरही यायचा. गाडी सामान्य वेगातही हातात खेळावी, हा हेतू. तो हेतू आधीच्या मालकाने आणि नंतर मी २५५ च्या टायरखाली चिरडून टाकला होता.

रुंदीचा फरक हे किती प्रभावी हत्यार आहे हे होंडा एस २००० वर सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९९९ मध्ये ती आली तेव्हा पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६ होते. शेपूट चटकन सुटते अशी तिची ख्याती होती. २००४ च्या सुधारणेत होंडाने पुढे २१५/४५ आर १७ आणि मागे २४५/४० आर १७ दिले. फरक २० वरून ३० झाला. सस्पेंशनची भूमितीही बदलली होती, सगळं श्रेय टायरला देता येणार नाही. पण दिशा बघा: शेपूट आवरायची होती म्हणून मागची रुंदी पुढच्यापेक्षा जास्त वाढवली. २००८ च्या सीआर आवृत्तीत मागे २५५ आले आणि पुढे २१५ च राहिले.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, गोल्फ जीटीआय किंवा सिव्हिक टाइप आरसारखी, तर हा विषय तुमच्यासाठी इथेच संपतो. चारही टायर एकाच रुंदीचे ठेवा.

३. तुमची गाडी आत्ता कुठून सुटते ते बघा

बदल करायच्या आधी हे तपासा. घाटरस्त्यावर तपासू नका. वळणाआड सायकलवाला असतो, ट्रॅक्टर असतो. जर्मनीत एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेच्या ड्रायव्हिंग प्रशिक्षणात पाणी सोडलेला गोल मार्ग असतो. तिथे एकाच त्रिज्येवर हळूहळू वेग वाढवत जायचं. स्टीअरिंग अधिकाधिक वळवावं लागत असेल तर नाक सरकतंय. स्टीअरिंग सैल सोडावं किंवा उलटं वळवावं लागत असेल तर शेपूट सुटतेय. शेजारी प्रशिक्षक असतो आणि वेगही कमी असतो.

तिथे जाण्याआधी टायर गार असताना हवा स्टिकरप्रमाणे भरा आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या टायरचं वय बघा. टायरच्या बाजूवर डीओटीनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पुढे सात वर्षांचे कडक झालेले टायर आणि मागे नवे कोरे असतील तर रुंदीबद्दल काहीही निष्कर्ष काढू नका.

आधीच्या टायरची झीजही बोलकी असते. माझ्या पुढच्या टायरांची बाहेरची कड पार गुळगुळीत झाली होती आणि आतल्या बाजूला पाच मिलिमीटर खोबण शिल्लक होती. गाडी पुढचे टायर खात होती. हे मी खरेदीच्या दिवशीच पाहायला हवं होतं.

४. रुंदी ठरवा

मी पाळतो ते तीन नियम असे:

मूळ गाडी चारही चाकांना एकाच रुंदीची असेल तर ती तशीच ठेवा. रुंदी वाढवायचीच असेल तर चारही वाढवा. २१५ चे २२५ करायचे तर चारही.

मूळ गाडीत फरक असेल तर तोच फरक कायम ठेवून दोन्ही टोकं सारखी वाढवा. नाक सरकण्याची तक्रार असेल तर आधी पुढची रुंदी १० मिमीने वाढवून बघा, मागची आहे तशीच. याउलट, मागून सुटणाऱ्या गाडीला पुढे अरुंद टायर लावून 'बॅलन्स' करू नका. त्याने गाडीची एकूण पकड घटते आणि ब्रेकिंगचा सगळ्यात मोठा वाटा पुढचेच टायर उचलतात.

तिसरं म्हणजे एका वेळी एका पायरीच्या वर उडी नको. १० मिमी पुरे. माझ्या गाडीला दिलेली ४० मिमीची उडी हा हँडलिंगचा बदल नव्हताच, तो दिसण्याचा होता.

पावसाचाही विचार करा. रुंद आणि झिजलेला टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. रोज आउटोबानवरून ऑफिसला जाणार असाल तर १० मिमी कमी घेण्यात काहीच कमीपणा नाही.

५. घेराचा हिशेब

रुंदी वाढली की उंचीची टक्केवारी कमी करावी लागते, नाहीतर चाकाचा घेर बदलतो. सूत्र सोपं आहे. रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे एका बाजूची उंची. तिची दुप्पट करायची आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवायचे.

२१५/४५ आर १७: ९६.७५ ची दुप्पट १९३.५, अधिक ४३१.८, एकूण ६२५.३ मिमी व्यास.
२२५/४५ आर १७: ६३४.३ मिमी, म्हणजे १.४ टक्के मोठा.
२४५/४० आर १७: ६२७.८ मिमी, जेमतेम ०.४ टक्के मोठा.
२४५/४५ आर १७: ६५२.३ मिमी, ४.३ टक्के मोठा. हा नको.

एस २००० चे आकडे याच सूत्रात घालून बघा. २०५/५५ आणि २२५/५० आर १६ यांचे व्यास ६३१.९ आणि ६३१.४ मिमी येतात. रुंदी वेगळी, घेर जवळजवळ तोच. एबीएस आणि स्थिरता नियंत्रण चाकांच्या फिरण्याच्या वेगांची तुलना करून चालतात, म्हणून पुढच्या-मागच्या घेरांमधलं मूळ नातं बिघडू देऊ नका. गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर इथे दुप्पट काळजी घ्या. घेरातला फरक सतत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधल्या क्लचवर आणि गिअरवर घासत राहतो. मूळ घेरापेक्षा वर जाताना मी दीड टक्क्याची मर्यादा पाळतो, कारण स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं चालत नाही.

६. रिम आणि मोकळी जागा

प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची ठरलेली मर्यादा असते. २२५/४५ आर १७ साठी ७ ते ८.५ इंच, २४५/४० आर १७ साठी ८ ते ९.५ इंच. सात इंची मूळ रिमवर २४५ दाबून बसवला तर टायर फुग्यासारखा बाहेर येतो, बाजू डगमगतात आणि वळणात प्रतिसाद आधीपेक्षा मंद होतो. टायर दुकानदाराने 'बसतो की' म्हटलं तरी बसवू नका.

मग ईटी, म्हणजे रिम आत किती आणि बाहेर किती ते सांगणारा आकडा. माझा हिशेब असा झाला. मूळ रिम ७ इंच, ईटी ४८. नवा ७.५ इंच, ईटी ४५. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, दोन्हीकडे ६.३५. ईटी तीनने कमी, म्हणून सगळं चाक ३ मिमी बाहेर. एकूण बाहेरची कड ९.३५ मिमी बाहेर गेली आणि आतली ३.३५ मिमी आत. एवढं कागदावर मांडलं की स्टीअरिंग पूर्ण वळवून चिखलपट्टी आणि शॉकपर्यंतचं अंतर मोजपट्टीने बघायचं. आतल्या अस्तरावर खडू लावून गाडी हळू चालवली तर टायर घासतो का तेही कळतं.

बोल्टचं वर्तुळ आणि मधलं भोकही जुळायला हवं. जीटी ८६ ला ५ x १०० (१०० मिमी वर्तुळावर पाच बोल्ट) आणि भोक ५६.१ मिमी. भोक मोठं असेल तर मध्ये बसणारी कडी घ्या, नाहीतर ताशी १०० किमीच्या वर स्टीअरिंग थरथरतं.

७. टायरवरचे बाकीचे आकडे

भाराचा आणि वेगाचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नको. ८७ डब्ल्यू म्हणजे एका टायरला ५४५ किलो आणि ताशी २७० किमी. ९१ वाय म्हणजे ६१५ किलो आणि ३०० किमी.

चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घ्या. पुढे एका जातीचं रबर आणि मागे दुसऱ्या, असं केलं की रुंदीचा सगळा हिशेब पाण्यात जातो. एकाच नावाच्या २२५ रुंदीत सुद्धा दोन कंपन्यांच्या टायरच्या खऱ्या आडव्या मापात काही मिलिमीटरचा फरक निघतो.

८. कागदपत्रं: ही पायरी गाळू नका

जर्मनीत सीओसीबाहेरचा टायर-रिम लावायचा तर रिमसोबत आबेए (त्या रिमला मिळालेली सर्वसाधारण मान्यता) किंवा टाइलेगुटआख्टन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) हवं, आणि दुसऱ्या प्रकारात ट्यूफसारख्या संस्थेकडून गाडी तपासून बदल नोंदवून घ्यावा लागतो. नोंद नसेल तर गाडीची चालवण्याची परवानगीच रद्द होऊ शकते आणि अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

माझी फसगत इथेही झाली. एका विक्रेत्याकडून वापरलेले रिम घेतले, 'पेपर आहे' या शब्दावर. कागद होता, पण त्यातल्या गाड्यांच्या यादीत जीटी ८६ नव्हती. तपासनिसाने दोन मिनिटांत गाडी परत पाठवली. पैसे द्यायच्या आधी त्या यादीत तुमच्या गाडीचा प्रकार-क्रमांक बोट ठेवून शोधा. अमुक रुंदीच्या टायरला चिखलपट्टीत बदल हवा, अशा अटी त्याच रांगेत छोट्या सांकेतिक आकड्यांनी दिलेल्या असतात. त्याही वाचा.

हिवाळी टायरचा संच वेगळा लागतोच. रस्त्यावर बर्फ किंवा हिम असताना डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर सक्तीचे आहेत. हिवाळ्यात मी चारही २१५ वापरतो.

महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्यांनी मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकारांच्या आतच राहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. शिवाय आपल्याकडच्या खड्ड्यांत ३५ ची पातळ बाजू रिमला वाचवू शकत नाही.

९. बसवल्यानंतर

त्याच आठवड्यात चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि छापील आकडे मागून घ्या. नट टॉर्क रेंचनेच आवळा, जीटी ८६ ला १२० न्यूटन-मीटर, आणि ५० किमीनंतर पुन्हा एकदा तपासा. पहिले दोन-तीनशे किमी नव्या टायरला सावकाश चालवा, पृष्ठभागावरचा गुळगुळीतपणा जाऊ द्या.

मग तिसऱ्या पायरीतली चाचणी पुन्हा करा. थोडासा उरलेला कल हवेने सुधारता येतो. एका वेळी एकाच अ‍ॅक्सलवर ०.१ बार बदला आणि स्टिकरच्या आकड्यापासून ०.२ बारच्या पलीकडे जाऊ नका. ट्रॅकवर टायर तापले की हवा ०.३ बार किंवा अधिक वाढते, तिथे मोजमाप गाडी बाहेर आल्या आल्या घ्यायचं. प्रत्येक बदलाची तारीख, तापमान, हवा आणि गाडी कुठून सरकली ते वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

मी शेवटी चारही २२५/४५ आर १७ वर आलो, ७.५ इंची रिमवर, नोंदीसह. बाड उराखच्या त्याच रस्त्यावर पुन्हा नेली तेव्हा दुसऱ्या वळणाला मनगट जेमतेम हललं आणि नाक आत आलं. वळण संपताना पाय किंचित दाबला तर शेपटीनेही हलकीशी हालचाल करून दाखवली. आता एकाच रुंदीचे असल्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदलही करता येतात, जे २२५ आणि २५५ च्या जोडीत शक्यच नव्हतं. वहीत शेवटची नोंद ८,४०० किमीची आहे. पुढे बाहेरची कड ५.२ मिमी, आतली ५.४. पुढच्या शनिवारी पुढचे मागे टाकणार आहे.